कमानीवरची नावे

वर्षभर या सदरातून शब्दांची उठाठेव करणाऱ्या बाईकडे संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'काहीतरी खमंग' मागितले आहे. चकली-अनारशांवर बोलण्याचा माझा अधिकार आमच्या माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत काढून घेतला. तेव्हा लिहिते खाण्याचेच, पण शब्दाच्या वाटेने. या शब्दाने मला दोन वर्षे छळले आणि शेवटी गुडघाभर चिखलात उभे केले.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ठराव भारतानेच मांडला होता. त्या वर्षी आपल्या ज्वारी-बाजरी-नाचणीला एकाएकी असे काही दिवस आले, की आमच्या सोसायटीत गव्हाची पोळी खाणारा मनुष्य जरा ओशाळूनच खाऊ लागला. पुण्याच्या एका कडेला असलेले आमचे कॉलेज तरी मागे कसे राहणार? २०२४ च्या संक्रांतीआधी तीन दिवसांचे प्रदर्शन भरवायचे ठरले. परिपत्रक इंग्रजीत निघाले आणि प्राचार्यांनी ते माझ्यापुढे सरकवले. "बाई, 'सस्टेनेबल फूड अँड कॉन्शस लिव्हिंग एक्स्पो'. संध्याकाळपर्यंत मराठी करा."

मी 'शाश्वत अन्न व सजग राहणी' असे केले. टाइप केलेला कागद घेऊन जाताना शिपाईमामांनी तो वाचला आणि विचारले, "बाई, शाश्वत अन्न म्हणजे न विटणारं का?"

मी हसले. पुढे दोन वर्षे त्या प्रश्नाचे हसू येईना.

परिपत्रकाच्या मागच्या पानावर भागीदारांची यादी होती. दीड लाख देणारा सुवर्ण भागीदार, पाऊण लाख देणारा रौप्य, पंचवीस हजार देणारा कांस्य. रंगीत, फसफसणारी पेये बाटल्यांत भरणारी एक कंपनी सुवर्ण झाली. टेकडीच्या पायथ्याची शेते घेऊन तिथे मनोरे उभारणारे एक बांधकामवाले गृहस्थ रौप्य झाले. भाताच्या खाचरावर इमारत बांधायची आणि तांदळाच्या प्रदर्शनाला देणगी द्यायची, हा हिशेब त्यांच्या मनात सरळ बसला असावा. मांडवाचे, विजेचे पैसे कोणीतरी द्यायलाच हवेत, हे मलाही कळते. कळत होते, म्हणूनच मी गप्प बसले.

करारनामाही मीच मराठीत आणला होता. त्यातले सातवे कलम असे होते : प्रदर्शनाच्या आवारात सुवर्ण भागीदाराच्या पेयांखेरीज अन्य कोणतेही पेय विकता येणार नाही. मी ते शुद्धलेखन तपासून, स्वल्पविराम जागच्या जागी घालून पुढे पाठवले. भाषेच्या प्राध्यापकांचा हा एक रोग आहे. वाक्य नीट असले म्हणजे त्यातला अन्याय दिसत नाही.

तो पहिल्याच दिवशी सकाळी अकरा वाजता दिसला. अकोले तालुक्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या डोंगरी टोकातून, बचत गटाच्या चार बाया आल्या होत्या. राहीबाई पोपेरे यांचे कोंभाळणे गाव याच तालुक्यातले. बाएफ संस्थेच्या साथीने त्यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे वाचकांना माहीत असेल. या चौघींना मात्र कोणी ओळखत नव्हते. काळभात, नागली, वरई, वाल, खुरासणीची चटणी असे त्यांचे सामान होते आणि जोडीला नागलीच्या आंबिलीचा एक मोठा माठ. (नाचणीला त्या 'नागली' म्हणतात. आपणच तिला नाचायला लावले.) फाटकावरच्या रखवालदाराने माठ अडवला. सातवे कलम! भरडधान्याच्या प्रदर्शनात भरडधान्याची आंबील पेय ठरली आणि बाहेर राहिली. दुपारच्या उन्हात ती आंबूस होत गेली. संध्याकाळी त्या बायांनी माठ कंपाउंडच्या कडेला, कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतला. मी तेव्हा 'सजग राहणी' या परिसंवादाचे आभारप्रदर्शन करत होते.

सजग राहणीचा विभाग मोठा प्रेक्षणीय होता. बांबूचे दात घासायचे ब्रश होते, तीन कागदांत गुंडाळलेले साडेतीनशे रुपयांचे साबण होते, नारळाच्या काथ्याच्या घासण्या होत्या. माई ते सगळे चष्मा सावरून बघत हिंडल्या आणि म्हणाल्या, "अगं, आम्ही जन्मभर काथ्या आणि राख घेऊन भांडी घासली. ती सजग राहणी होती होय? आम्ही गरिबी समजत होतो."

त्या रात्री चौघी जिमखान्याच्या फरशीवर झोपल्या. डास, थंडी आणि रात्रभर न विझणारा दिवा यांनी त्यांतल्या एकीला ताप भरला. माईंनी मला सुनावले, "लेकीबाळी पाहुण्या आल्यात आणि तू त्यांना फरशीवर टाकून घरी गादीवर झोपतेस?" दुसऱ्या रात्री चौघीही आमच्या हॉलमध्ये होत्या. आमच्या ह्यांनी आपले अंथरूण निमूटपणे गॅलरीत नेले. गटाच्या अध्यक्षीणबाई पन्नाशीच्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले, त्या मला नुसते 'बाई' म्हणतात. त्यांची आणि माईंची ओळख व्हायला नागलीची उकड पुरली. दोघींच्या आईच्या हातची, पण दोन वेगळ्या डोंगरांवरची.

तिसऱ्या रात्री मावशींनी पिशवीतून वही काढून हिशेब वाचला. विक्री १८,४०० रुपये. घरोघरच्या बायांकडून उचललेल्या मालाचे द्यायचे ११,९००. स्टॉलचे भाडे ४,५००. एस.टी., बोजाचे भाडे आणि रिक्षा मिळून १,९६०. बायांना एस.टी.त अर्धे तिकीट असते, पण पोत्यांना बाई कोण म्हणणार? तीन दिवसांचे खाणे १,२४०, कारण आंबील ओतून दिल्यावर आपल्याच प्रदर्शनातली थालीपिठे विकत घ्यावी लागली. कागदी पिशव्या आणि चिकटपट्ट्या ८००. म्हणजे दोन हजार रुपये खोट. चार बायांची पाच-पाच दिवसांची मजुरी त्यात धरलेलीच नव्हती.

वही मिटून मावशी म्हणाल्या, "चालायचंच बाई. तुमच्या जत्रंला आमची वर्गणी झाली म्हणायची."

त्यांनी हे टोचून म्हटले नव्हते, म्हणून तर मला अधिक लागले. दीड लाख देणाऱ्याचे नाव कमानीवर सोनेरी अक्षरांत होते आणि त्याच्या पेट्याही खपल्या होत्या. साडेसहा हजार, म्हणजे भाडे आणि वर खोट, देऊन जाणाऱ्या या चार बाया कोणत्या धातूच्या भागीदार?

मग मी 'भागीदार' या शब्दामागे लागले. भाग घेणारा तो भागीदार, हे खरे. पण नफ्यात भाग आणि खोटीत भाग, दोन्ही. आमच्या यादीतल्या एकालाही खोटीचा भाग नव्हता, तो सगळा मावशींकडे गेला होता. मी त्यांनाच विचारले, "तुमच्याकडे एकमेकांच्या शेतात कामाला जातात, त्याला काय म्हणतात?" त्या म्हणाल्या, "सावड."

सावड हा शब्द शहरी कानाला आता एकाच जागी भेटतो, अस्थी सावडताना. गावात तो जिवंत माणसांचा आहे. आज चार घरची माणसे माझ्या खाचरात आली, की उद्या-परवा मी त्या चारही घरी जायचे. पैसा मध्ये येत नाही, पण मोजदाद चोख असते. एका दिवसाला एक दिवस. याचाच भाऊबंद इर्जिक : एखाद्याची नांगरट सगळ्यांनी मिळून काढायची आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचे. आंबेगाव-जुन्नरकडच्या डोंगरांत पडकई आहे. उतारावर बांध घालून भातखाचर करायचे काम एकट्या कुटुंबाला झेपत नाही, म्हणून वस्ती मिळून एकेकाचे खाचर बांधते. जुन्या गावगाड्याचे सगळेच गोडवे मी गाणार नाही. त्याच गावात कोणाला खळ्यात बोलावत होते आणि कोणाला खळ्याबाहेर उभे करून धान्य टाकत होते, हे आपण विसरलेलो नाही. पण सावडीत निदान दोन्ही बाजूंची पाठ वाकते.

हा काही आपल्याच डोंगरातला शहाणपणा नव्हे. जपानमध्ये शेतीतल्या विषारी औषधांनी धास्तावलेल्या शहरी गृहिणींनी शेतकऱ्यांशी सरळ बोली केली. तुम्ही निर्धोक पिकवा, जे पिकेल ते आम्ही घेऊ, भाव दोघे बसून ठरवू, आणि निंदणी-वाटणीला आम्हीही येऊ. तिथली सेंद्रिय शेती संघटना १९७१ साली स्थापन झाली आणि या रीतीला 'तेइकेइ' म्हणू लागले. त्या शब्दाचा अर्थच मुळी भागीदारी, हातात हात. इटलीत रोमच्या एका ऐतिहासिक चौकाजवळ अमेरिकन हॅम्बर्गरचे दुकान निघाले, त्याविरुद्ध १९८६ मध्ये आवाज उठवणाऱ्यांत कार्लो पेत्रिनी होते. त्यातून पुढे स्लो फूड चळवळ वाढली. २००४ साली तुरीन शहरात त्यांनी 'तेर्रा माद्रे' म्हणजे धरणीमाता नावाचा मेळा भरवला. सुमारे १३० देशांतले पाचेक हजार शेतकरी, कोळी, गवळी आले. पैसा प्रांत सरकारने, नगरपालिकेने, देणगीदारांनी लावला, पण पाहुण्यांपैकी कित्येकांची झोपण्याची सोय आसपासच्या गावांनी आणि कुटुंबांनी केली. हे मी माईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "मग त्यात काय? पाहुणा घरीच झोपतो."

इतके शब्दज्ञान झाल्यावर मी काय केले असेल? काहीच नाही. परीक्षा आल्या, पेपर आले, नवे वर्ष सुरू झाले.

२०२४ च्या डिसेंबरात दुसऱ्या प्रदर्शनाची पत्रिका निघाली. मुखपृष्ठावर मावशींचा फोटो. कपाळाला मोठे कुंकू, ओंजळीत नागली, आणि खाली माझ्या लेखणीतून उतरलेले 'मातीची लेक'. त्याखाली सोने, रुपे, कासे अशा उतरंडीने भागीदार. एका विद्यार्थ्याने पत्रिका हौसेने मोबाइलवर मावशींना पाठवली. त्याच रात्री त्यांचा फोन आला.

"बाई, आवंदा आमचं येणं व्हायचं न्हाई. गटात ठरलंय. दोन हजार अजून फिटत्यात."

मी 'अरेरे' वगैरे म्हटले.

"आन् बाई, माझा फोटो छापलाय म्हणं. मी येणार न्हाई, आन् फोटो येणार व्हय?"

समितीच्या बैठकीत मी उभी राहिले तेव्हा माझे पाय कापत होते, हे कबूल करते. वीस वर्षांच्या नोकरीत प्राचार्यांपुढे मी 'पण' हे उभयान्वयी अव्यय फारसे वापरलेले नाही. मी म्हटले, एक तर पत्रिकेवरचा फोटो काढा, नाही तर पिकवणाऱ्यांचे भाडे आणि सातवे कलम काढा. फोटो ठेवून कलम ठेवता येणार नाही. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणाले, "बाई भावुक होतायत." मी वहीतला हिशेब वाचून दाखवला. हिशेबाला भावुक म्हणता येईना. कंपनीतर्फे आलेला तरुण फार सभ्य होता. "मॅडम, मी वरती विचारतो," म्हणाला. वरून दोन दिवसांनी उत्तर आले, कलम राहील किंवा दीड लाख जातील.

दीड लाख गेले. त्याबरोबर मांडव गेला, नामांकित गायकांचा कार्यक्रम गेला आणि कमानही गेली. बांधकामवाले गृहस्थ कमानीवाचून कसे राहणार? तेही गेले. इंग्रजीचे प्राध्यापक माझ्याशी शिवजयंतीपर्यंत बोलले नाहीत. प्राचार्य एवढेच म्हणाले, "आता तुम्हीच बघा."

बघितले. प्रदर्शन वर्गांत आणि मधल्या चौकात भरवायचे ठरले, बाके हीच दुकाने. जवळच्या एका सहकारी बँकेने कॅलेंडरे वाटू द्यावीत एवढ्या बोलीवर पंचवीस हजार दिले. ऐंशी रुपये उसने घेऊन १९५९ साली गिरगावात सात बायांनी पापड लाटायला घेतले आणि त्यातून लिज्जत उभे राहिले, ही गोष्ट मी तिथल्या मॅनेजरांना ऐकवली. त्यांना ती पाठच होती. खरा प्रश्न होता न खपलेला माल पुन्हा डोंगरावर नेण्याचा. त्यावर एकच तोड होती, आगाऊ मागणी आणि अर्धे पैसे आधी. दोन विद्यार्थिनींना घेऊन मी आमच्या आणि शेजारच्या तीन सोसायट्या पालथ्या घातल्या.

शहरी मध्यमवर्गाची मी स्वतः सभासद आहे, म्हणून सांगते : आम्हाला शेतकऱ्याबद्दल कळवळा असतो, पण तो भाव ऐकेपर्यंत. "काळभात एकशे चाळीस? वाण्याकडे साठाने मिळतो." "आधी पैसे कशाला? माल बघू ना." एका निवृत्त इंजिनियरांनी मात्र रास्त प्रश्न विचारला, "सेंद्रिय कशावरून?" गटाकडे प्रमाणपत्र नव्हते. शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासून हमी द्यायची, अशी एक सरकारमान्य पद्धत आहे (ही पुन्हा सावडच!), पण तिची कागदपत्रे यांनी केली नव्हती. मी तिथल्या तिथे मावशींना फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून स्वच्छ उत्तर आले, "नागलीला, वरईला काय टाकीत न्हाई. भाताला वाईच युरिया टाकला. खोटं कशाला बोलू?"

तांदळाची सतरा घरची मागणी त्या संध्याकाळीच रद्द झाली. इंजिनियर साहेबांनी मात्र आपली दुप्पट केली. "खरे सांगणारा दुकानदार मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा भेटला," म्हणाले. ज्यांनी रद्द केली त्यांना मी दोष देत नाही. पण त्यातल्या दोघी पुढच्याच आठवड्यात मॉलमधून 'नैसर्गिक' असे छापलेला तांदूळ अडीचशेने घेऊन आल्या, तेव्हा माई लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत म्हणाल्या, "छापलेल्याशी घासाघीस करता येत नाही, नाही का?" माईंचे वय झाल्यामुळे त्यांना कोणी उलट बोलत नाही. या सवलतीचा त्या भरपूर फायदा घेतात.

चौदा घरांनी पाहुण्या बायांना झोपायला जागा दिली. कुठे कुठे अडचणीही झाल्या. एका घरी दोघींना न सांगता वेगळे कप काढून ठेवले होते. हे कळल्यावर त्या दोघी उठून आमच्याकडे आल्या आणि काही न बोलता माईंशेजारी झोपल्या. त्या घराचे नाव मी विसरणार नाही, पण इथे लिहिणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, आंबिलीचा माठ फाटकातून आत आला. रखवालदाराने पहिला पेला घेतला. भोगीच्या भाजीचे वाटे तर दुपारी तीनलाच संपले. गर्दी मागच्या वर्षीपेक्षा कमी होती, कारण गायक नव्हते. जे आले ते मात्र हातात पिशवी घेऊन आले. शिपाईमामांनी बाकांच्या रांगेतून एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "बाई, हे विटणारं आहे सगळं. लवकर घेतलं पाहिजे."

मावशींची वही या वेळी आमच्या स्वयंपाकघरात उघडली. चार गावांनी मिळून टेम्पो केला होता. विक्री ४१,०००. मालाचे २७,३००, प्रवासाचे ३,१००, किरकोळ १,६००. उरले नऊ हजार. मावशींनी बोटांवर मोजले, "चौघींचे पाच दिवस, म्हणजे वीस. दिसाला साडेचारशे. मजुरी निघाली." त्या 'नफा' म्हणाल्या नाहीत, 'मजुरी' म्हणाल्या. मागच्या वर्षीचे दोन हजारही यातूनच फिटायचे होते.

निघताना मी त्यांना साडी द्यायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "साडी नको बाई. ही सावड झाली. चार दिस आम्ही तुमच्याकडं ऱ्हायलो, तुम्ही आमच्यासाठी दारोदार फिरलात. आमचं तुम्हास्नी हाय, तुमचं आम्हास्नी हाय. आषाढात आवणीला या."

मी 'येते हं' म्हटले, जसे आपण शहरात म्हणतो. आवणी म्हणजे भाताची लावणी, एवढे मला माहीत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोन आला, "बाई, रोप तयार हाय. कधी येताय?" आता काय सांगणार? रजा टाकली. मी, हे, त्या दोन विद्यार्थिनी आणि कोणी बोलावले नसताना माई, असे आम्ही एस.टी.ने गेलो. तिकडे पाऊस असा, की समोरचा डोंगर दोन दिवसांत एकदाच दिसला. माई ओट्यावर बसून नागली निवडू लागल्या. बाकीच्यांना मावशींनी खाचरात उतरवले.

रोप तीन बोटांत धरायचे, अंगठ्याने चिखलात दाबायचे, आणि पाऊल मागे. पुढे नाही, मागे. माझी पहिली ओळ वाकडी आली, दुसरी पाण्यावर तरंगू लागली. मावशींची दहा वर्षांची नात माझ्यामागून ती उपटून पुन्हा लावत होती. दुपारी जेवणापर्यंत माझी कंबर धरली. जेवणानंतर मी उठले ती सरळ माईंच्या शेजारी ओट्यावर येऊन बसले. ह्यांनी आणि मुलींनी मात्र संध्याकाळपर्यंत तग धरला.

रात्री चुलीपुढे वही निघाली. मावशींना लिहिता येते ते सहीपुरते, वही नात लिहिते. तिने आमची नावे एकाखाली एक घातली. ह्यांच्या पुढे एक दिवस. मुलींपुढे एक-एक. माईंच्या पुढे 'आजी, निवडणं, एक'. मग पेन्सिल जिभेला लावून तिने मावशींकडे पाहिले. मावशींनी मान हलवली.

माझ्या नावापुढे लिहिले आहे : 'बाई, अर्धा. अर्धा बाकी.'